मेंढरांची तक्रार आणि एकोणतिसाचं चाक

बेचाळीस वर्षांत माझ्याकडे सायकल परत घेऊन आलेली गिऱ्हाइकं पुष्कळ झाली. कुणाला सीट टोचली, कुणाला घंटीचा आवाज आवडला नाही. एकाला तर ज्योतिषानं लाल रंग वर्ज्य सांगितला म्हणून त्यानं महिनाभर दामटलेली लाल सायकल दारात आणून उभी केली. पण मेंढरांची तक्रार आहे म्हणून सायकल परत आणणारा माणूस एकच. जत तालुक्यातले हवालदार मायाप्पा.

मी यासीन. सांगलीत यासीन मिस्त्री म्हणतात. तरुणपणी कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर होतो, मधली सहा वर्षं साताऱ्यात एका सायकलच्या दुकानात काढली आणि नंतर सांगलीत स्वतःचं दुकान टाकलं. आता दुकान थोरला मुलगा बघतो. मी सकाळी जाऊन फक्त चाकं बांधतो. म्हणजे मधला हब आणि बाहेरची रिम बत्तीस-छत्तीस तारांनी जोडायची, आणि त्या तारा अशा ताणायच्या की चाक गोल आणि सरळ फिरलं पाहिजे. बाकीची सगळी कामं मुलगा माझ्यापेक्षा बरी करतो, असं त्याचं मत आहे. चाकाच्या बाबतीत मात्र तो गप्प बसतो.

डोंगरात चालवायच्या सायकलीचं चाक आपल्याकडे वर्षानुवर्षं सव्वीस इंची असायचं. मग एकोणतीस इंची आलं. एका कंपनीचा माणूस दुकानात येऊन तासभर मला सांगत होता की ही क्रांती आहे. मी सगळं ऐकून घेतलं आणि माळ्यावरून वडिलांच्या काळ्या सायकलची रिम काढून त्याच्या क्रांतीशेजारी उभी केली. काळ्या सायकलची रिम करंगळीच्या जाडीइतकी मोठीच निघाली. नव्यावर जाडजूड टायर चढतो म्हणून बाहेरून ते मोठं दिसतं, एवढंच. तो गृहस्थ चहा न पिता गेला.

तरी एकोणतिसाची चाल वेगळी असते हे खरं आहे. साताऱ्याचे एक दातांचे डॉक्टर माझे जुने गिऱ्हाईक. रोज सकाळी यवतेश्वरचा घाट चढायचे. सव्वीसची सायकल विकून त्यांनी एकोणतिसाची घेतली आणि पंधरा दिवसांत खास सांगलीपर्यंत आले. म्हणाले, "यासीनभाई, ही सायकल वळायला सांगितलं की आधी विचार करते. आणि चढाला तर माझ्या मांड्याच भरून येतात." मी म्हटलं, मोठं चाक जड असतं, त्याला वळायला आणि वेग घ्यायला जरा वेळ लागतो. शिवाय पॅडलच्या एका फेऱ्यात ते जास्त लांब जातं, म्हणून तोच गिअर चढाला जड वाटतो. पुढच्या दातेरी चकतीकडे बोट दाखवून मी सांगितलं, "डॉक्टर, हिचे चार दात कमी करावे लागतील." डॉक्टरांनी चकतीच्या दातांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दुसरा काही उपाय नाही का?" आयुष्यभर ते ज्या खुर्चीसमोर उभे राहिले, त्या खुर्चीत बसल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मी लहान चकती बसवली. ते अजून घाट चढतात.

हवालदार मायाप्पांचं प्रकरण मात्र कुठल्याही चकतीनं सुटण्यातलं नव्हतं.

पहिल्यांदा ते आले तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. उंच, ताठ माणूस, पांढऱ्या मिशा, आणि उजवा पाय जरा ओढत चालणारा. फौजेत बावीस वर्षं काढून ते गावी परतले आणि वडिलांची मेंढरं त्यांनी हाती घेतली. ऐंशी मेंढरं. सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात गुडघा गेला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, चालणं बंद करा, वाटल्यास सायकल चालवा; सायकलवर गुडघ्यावर भार येत नाही. डॉक्टरांना बिचाऱ्यांना वाटलं असेल, हा माणूस संध्याकाळी देवळापर्यंत जाऊन येईल.

"डॉक्टरचा हुकूम हाय, मिस्त्री," मायाप्पा मला म्हणाले. "चालायचं न्हाई. आन् मेंढराबरूबर तर गेलंच पायजे. म्हनून म्या पोराची कालेजातली सायकल काढली. तीन साल झालं, सायकलवरनं मेंढरं वळतोय."

सायकल सव्वीसची होती. मागे-पुढे डिस्कचे ब्रेक, पण सगळा सांगाडा खिळखिळा झालेला.

"मग अडचण काय आहे?"

"दगड," ते म्हणाले. "आमचा माळ म्हंजी निस्ता दगडगोटा. हर एक दगड पहाऱ्यावरच्या संत्रीगत म्होरं उभा राहतोय आन् पास मागतोय. दिसभर हादरं खाऊन गुडघा संध्याकाळी भोपळ्याएवढा होतोय."

मी दुकानासमोर एक वीट ठेवली. सव्वीसचं सुटं चाक तिच्यावर सोडलं. ते विटेवर आपटलं आणि आडवं झालं. मग एकोणतिसाचं सोडलं. ते जरासं उचललं गेलं, विटेवरून उतरलं आणि तसंच पुढे जाऊन समोरच्या शिंप्याच्या दुकानात शिरलं. चाक लहान असलं की दगड त्याच्या छातीवर बसतो. मोठं असलं की तोच दगड पायाशी येतो आणि चाक त्याला ओलांडतं. मी गिऱ्हाइकांना हे असंच सांगतो.

मायाप्पा एकोणतिसाची एक नारिंगी सायकल घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. वाटेतली दोन गटारं आणि एक उखडलेला स्पीडब्रेकर त्यांनी मुद्दाम सरळ अंगावर घेतला.

"काय वाटलं?"

"जुनीच्या वर बसायचो मिस्त्री. हिच्या आत बसल्यागत वाटतंय."

मला फार बरं वाटलं. हे अगदी खरं आहे आणि शंभरातल्या एखाद्याच्याच लक्षात येतं. चाकं मोठी असली की त्यांचे आस वर जातात, पॅडल मात्र खालीच राहतं, त्यामुळे माणूस दोन चाकांच्या मध्ये टांगल्यासारखा बसतो. पडायची भीती कमी होते.

"निघायला जरा आळस करती," मायाप्पा पुढे म्हणाले. "पर येकदा निघाली की थांब म्हनायची सोय न्हाई. आमचं कर्नलसाब असंच व्हतं."

ते नारिंगी सायकल घेऊन गेले. जुनी त्यांनी कुपवाडला कारखान्यात कामाला असलेल्या मुलाला, संजयला देऊन टाकली.

दहा दिवसांनी मायाप्पा पुन्हा दारात. सायकल स्टँडवर लावली, रुमालानं सीट पुसली आणि म्हणाले, "मिस्त्री, सायकल झकास हाय. गुडघा निम्म्यावर आलाय. माझी काय बी तक्रार न्हाई."

"मग?"

"तक्रार मेंढरांची हाय."

माझा मुलगा आत पंक्चर काढत होता. त्यानं पंप खाली ठेवला.

"मेंढरं हिच्यामागं येत न्हाईत," मायाप्पा सांगू लागले. "जुनीच्या मागं मुकाट यायची. मी म्होरं, मेंढरं मागं, आन् शेवटाला लाल्या कुत्रं. आता मी निगतो, लांब जाऊन बगतो, तर समदी बसल्यात. धा दीस झालं, मंडळी चालत जाती मेंढरामागं. ती आन् पोरगा आता म्हनत्यात, इकून टाका. बिस्तरवारी व्यापारी यायचाय."

बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, पुढच्या चाकाकडे बघत होते. "मेंढरं गेली की कुपवाडला पोराच्या दोन खोल्यांत बसून टीव्ही बगायचा, मिस्त्री. आजवर गोळी चुकीवली. टीव्ही काय चुकायचा न्हाई."

बेचाळीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला तू तुझं बघ असं कधी सांगितलं नाही. ती सायकल मी निवडून दिली होती, विटेचा खेळही मीच केला होता. मी हत्यारांची पिशवी उचलली. मुलगा म्हणाला, "अब्बा, मेंढरांना वॉरंटी नसते." त्याच्याकडे दुर्लक्ष करून मी मायाप्पांबरोबर जतच्या एसटीत बसलो. सायकल टपावर चढवली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी सकाळी मी तो प्रकार डोळ्यांनी बघितला. मेंढरांच्या वाड्याचं फाटक उघडलं. सगळ्यात पुढे गळ्यात घंटा बांधलेली एक वयस्कर मेंढी होती. हवालदारांनी तिचं नाव मेजर ठेवलं होतं. दुसऱ्या दोघी सुभेदार आणि नायक होत्या, बाकी सगळे जवान. मायाप्पा सायकलवर बसून पुढे निघाले. मेजर फाटकापर्यंत आली. तिनं सायकलकडे बघितलं, आणि पुढचे पाय दुमडून खाली बसली. तिच्यामागे एकेक करत ऐंशी मेंढरं बसली. मायाप्पा माळावर पन्नास पावलांवर एकटेच उभे होते.

मी विचार केला, रंग. जुनी सायकल काळी होती, ही नारिंगी. आम्ही सायकलवर काळं घोंगडं पांघरलं. ती अस्वलासारखी दिसू लागली आणि लाल्या कुत्रं तिच्यावर धावून गेलं. मेंढरं बसूनच राहिली.

मग मला वाटलं, उंची. नव्या सायकलवर माणूस जरा वर दिसत असेल. मी सीट तळापर्यंत खाली घातली. मायाप्पांचे गुडघे कानांशी आले, त्यातला एक कुरकुरला, पण तो फौजी माणूस, हूं की चूं न करता त्यांनी माळावर दोन फेऱ्या मारल्या. मेंढरं त्यांच्याकडे तमाशा बघावा तशी बघत होती.

तिसरा विचार वासाचा. नव्या रबराला उग्र वास असतो. आम्ही दोघं उकिडवं बसून लोकरीच्या बोळ्यांनी दोन्ही टायर घासू लागलो.

मायाप्पांच्या पत्नी गंगव्वा चुलीपाशी भाकरी थापत होत्या. सकाळपासूनचा सगळा प्रकार त्या तिथूनच बघत होत्या. आता हात पिठाचेच ठेवून त्या बाहेर आल्या.

"आवं, ती सायकल मुकी हाय," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघांनी वर बघितलं.

"म्हंजी?" मायाप्पा म्हणाले.

"म्हंजी काय? जुनी कशी कट-कट-कट करत जायाची. तुमी वळनाआड गेला तरी मला हितं चुलीम्होरं कळायचं, कुठं हाय ते. ही भुतागत जाती. मेंढराला काय दिसतंय? म्होरच्या मेंढराचं ढुंगान. त्ये आवाजावर चालतंय."

मी लोकर खाली ठेवली. पॅडल थांबवून सायकल नुसती सोडली की मागच्या चाकात बारीक खटके दात्यांवरून उड्या मारतात, त्याचा तो आवाज. स्वस्त हबात वंगण कमी, म्हणून आवाज मोठा. महागात घट्ट ग्रीस भरलेलं असतं, ते गप्प फिरतं. शांतता म्हणजे भारी माल, असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो. इतकी वर्षं चाकात घालवून मला जे ऐकू आलं नव्हतं, ते चुलीपाशी बसलेल्या बाईनं ऐकलं होतं.

मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला तर मेंढरं विकायचीत ना?"

"इकायची तर हायेतच," गंगव्वा म्हणाल्या. "म्हनून काय त्यास्नी येडं ठरवायचं?"

एवढ्यावर मी थांबून नीट विचार करायला हवा होता. पण व्यापारी दुसऱ्या दिवशी यायचा होता आणि कारण सापडल्याच्या आनंदात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी पाण्याची प्लास्टिकची बाटली कापून एक पट्टी काढली आणि मागच्या तारांवर घासेल अशी बांधली. पोरं लहानपणी पत्त्याचं पान लावून करतात तोच उद्योग. म्हटलं, आवाज पाहिजे ना, घ्या आवाज.

मायाप्पा निघाले. फट्-फट्-फट्-फट् असा कडकडाट माळावर घुमला. मेजर उठली. आम्ही दोघं आनंदानं ओरडलो. मग मेजर वळली आणि उलट्या दिशेनं सुटली. तिच्यामागे सुभेदार, नायक आणि समस्त पलटण. ओढा ओलांडून ती सगळी शांतव्वांच्या डाळिंबाच्या बागेत घुसली.

शांतव्वा सत्तरीच्या, एकट्यानं बाग सांभाळणाऱ्या बाई. हातात काठी घेऊन त्या धावत आल्या आणि चोर पळू नयेत म्हणून त्यांनी आधी बागेचं फाटक बाहेरून लावून कडी घातली. आत ऐंशी मेंढरं आणि डाळिंबं. काही क्षण सगळं शांत होतं. मग आतून चरण्याचा आवाज येऊ लागला. शांतव्वांनी फाटकाकडे बघितलं, काठीकडे बघितलं, "अय्यो" म्हणाल्या आणि कडी काढली. आता मेंढरं बाहेर यायला तयार होईनात.

अर्ध्या तासानं सगळी बाहेर आली तेव्हा शांतव्वा माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तू कोन?"

"सायकलवाला आहे, आक्का. सांगलीचा."

"मग सायकलीचं बग की यप्पा. मेंढराला मोटार कशाला बशीवलीस?"

मी टोपी काढून हात जोडले. मायाप्पा पुढे होऊन म्हणाले, चूक माझी. मी म्हटलं, माझी. शांतव्वा म्हणाल्या, दोघांची. दोन कोवळ्या झाडांची साल मेंढरांनी बुंध्यापर्यंत सोलून काढली होती. त्या झाडांचं मला आजही वाईट वाटतं. कामात घाई केल्यावर नुकसान आपलंच होतं असं मी धरून चाललो होतो. तिथं ते भलत्याच माणसाचं झालं.

शांतव्वांनी निवाडा दिला. मेंढरांनी तीन रात्री त्यांच्या पडीक रानात बसायचं, म्हणजे रानाला लेंडीखत मिळेल, आणि तोवर एकही मेंढरू हलवायचं नाही. मायाप्पांनी मान्य केलं. रानातल्या रानात ऐंशी जणांची पलटण नजरकैदेत पडली.

गुरुवारी ठरल्याप्रमाणे व्यापारी टेम्पो घेऊन आला. शांतव्वा बांधावर काठी आडवी धरून बसल्या होत्या.

"ही मेंढरं अटकेत हायेत," त्यांनी सांगितलं. "शनवारी सुटत्यात. तवर हात लावायचा न्हाई."

व्यापाऱ्यानं गंगव्वांकडे बघितलं. गंगव्वा म्हणाल्या, "आक्का म्हनत्यात तसं." चहा घेऊन त्यानं रिकामा टेम्पो फिरवला आणि पुन्हा निरोप पाठवा म्हणून सांगून गेला.

माझ्याकडे शनिवारपर्यंत वेळ होता. मेंढरांना नुसता आवाज नको होता, जुन्या हबाचा ओळखीचा आवाज हवा होता, म्हणून मी तडक कुपवाड गाठलं आणि कारखान्याच्या गेटवर संजयची वाट बघत उभा राहिलो. शिफ्ट सुटली. मोटारसायकलींच्या लोंढ्यात एकच सायकल होती, आणि ती दिसायच्या आधी ऐकू आली. कट-कट-कट-कट.

मी त्याला थांबवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मिस्त्री, मेंढरांसाठी माझ्या सायकलचं चाक मागताय?"

"सगळं चाक नको. मधला हब दे. दुसरं चाक तुला मी बसवून देतो."

त्यानं सायकल उलटी केली आणि मागचं चाक हातानं फिरवून सोडलं. चाक कटकटत फिरलं, हळूहळू थांबलं. तो म्हणाला, "मी इकायचं म्हनलं ते आप्पांच्या गुडघ्यासाठी. मला मेंढरांचा राग न्हाई. गेटावरचा वॉचमन ह्या आवाजावर मला हसतोय, त्याचा राग हाय." मग म्हणाला, "काढा. आन् शनवारी मी बी येतो. रजा टाकतो."

शुक्रवारी मी दुकानात दार लोटून बसलो. जुना सव्वीसचा हब, नवी एकोणतिसाची रिम, आणि मधलं अंतर वाढलं म्हणून लांब तारा. हबात रॉकेल घालून होतं नव्हतं ते वंगणही धुऊन काढलं. जन्मभर चाक गुपचूप फिरावं म्हणून झटलो. त्या दिवशी पहिल्यांदा एक चाक चांगलं बडबडावं म्हणून कष्ट केले. मुलगा मधे येऊन बघून गेला, काही बोलला नाही. गिअर जुळवताना मात्र मी तासभर जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळच्या एसटीत ते चाक मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरनं विचारलं, "बाकीची सायकल कुठं हाय?" मी म्हटलं, "पुढं गेली."

शनिवारी सकाळी शांतव्वांच्या पडीक रानाशी आम्ही सगळे जमलो. शांतव्वा काठी टेकून, गंगव्वा जेवणाचं गाठोडं घेऊन, संजय हाताची घडी घालून. मी मागचं चाक बसवलं. मायाप्पांनी मेंढरांच्या समोरून सायकल काढली, चार पॅडल मारली आणि पाय थांबवले.

कट. कट. कट.

मेजरचे कान उभे राहिले. ती उठली, चार पावलं चालली आणि थबकली. मान तिरकी करून ऐकत राहिली. मागे ऐंशीच्या ऐंशी मेंढरं उभी. मी खटके मोजू लागलो. मग लक्षात आलं: मोठं चाक तेवढ्याच अंतरात कमी फिरतं, म्हणून तेवढ्याच वेगाला त्याचे खटके जरा सावकाश पडतात. मी धावत जाऊन मायाप्पांना तसं सांगितलं.

"म्हंजी मेजरला वाटतंय, मी ढिला पडलो," ते म्हणाले.

"जरा जोरात घ्या, हवालदार. आवाज जुन्यासारखा जमेपर्यंत."

त्यांनी वेग वाढवला. कट-कट-कट-कट. मेजरनं मान सरळ केली आणि निघाली. तिच्यामागे सुभेदार, नायक, जवान, शेवटी लाल्या. वेग नेहमीपेक्षा जास्त होता, त्यामुळे अख्खा कळप निम्मं चालत, निम्मं पळत निघाला. वाटेत दगडगोटे होते. एकोणतिसाची चाकं त्यांच्यावरून होडीसारखी तरंगत गेली आणि मायाप्पांनी एकदाही पाय टेकला नाही. ताठ पाठीचा तो माणूस धुळीत पुढे पुढे जाताना दिसत होता. टेकाडापलीकडे तो दिसेनासा झाला, तरी आवाज येत होता. संजय तिकडेच बघत होता. मी टोपीनं डोळे पुसले, पण कुणाला सांगणार की हब चांगला वाजला म्हणून?

"येवढं पळत कुठं निगालं?" शांतव्वा म्हणाल्या. "यष्टी गाठायची हाय व्हय?"

आणि गंगव्वा हातातल्या गाठोड्याकडे बघून ओरडल्या, "आवं, जेवान ऱ्हायलं की!"

त्या गाठोडं डोक्यावर घेऊन टेकाडाच्या दिशेनं तरातरा चालू लागल्या.

व्यापाऱ्याला पुन्हा निरोप गेला नाही. पावसाळा सरता सरता एक दिवस गंगव्वा एकट्याच दुकानात आल्या. मी घाबरून विचारलं, हवालदार बरे आहेत ना? मेंढरं?

"झ्याक हायेत. हे आता पार लांबच्या कुरनापावतर जात्यात. आन् दुपारचं जेवान कुनी न्ह्यायाचं? मी. जायाला येक तास, यायाला येक तास. मला बी सायकल पायजे."

त्या सरळ एकोणतिसाच्या सायकलीपाशी गेल्या. हँडल त्यांच्या छातीला लागलं. बसल्यावर दोन्ही पाय अधांतरी, आणि हँडल वळवलं की चपलेचं टोक पुढच्या चाकाला घासायला लागलं. सहा महिने मी येईल त्याला मोठ्या चाकाचे गोडवे गायलो होतो. आता त्याच तोंडानं मी सांगितलं की वहिनी, बुटक्या माणसाला एवढं चाक जड जातं, तुम्हाला सव्वीसचंच बरं.

"बाईमानूस म्हनून लहान देताय व्हय?"

"नाही वहिनी. अंगाला बसेल ते देतोय."

त्यांचा विश्वास बसला नाही. शाळेत असताना माहेरी त्या भावाची सायकल चालवायच्या, म्हणाल्या. दोन्ही सायकली गल्लीत काढल्या, पदर खोचला आणि आधी मोठी घेऊन गेल्या. ती त्यांना शिंप्याच्या दुकानापर्यंत घेऊन गेली आणि तिथंच थांबली, कारण पुढे शिंपी होता. मग सव्वीसची घेतली. गल्लीच्या टोकाला त्यांनी तिला जागच्या जागी वळवली, दोन म्हशींच्या मधून काढली आणि माझ्यासमोर आणून उभी केली.

"ही ऐकती," त्या म्हणाल्या. "ही द्या."

मी कॅरिअर बसवलं, डबा ठेवायला पुढे जाळी लावली, हवा भरली. त्या सीटवर बसल्या. अनुभवानं शहाणा झालेला माणूस म्हणून मी शेवटी विचारलं, "वहिनी, ह्या सायकलीवर मेंढरांचं काही म्हणणं पडणार नाही ना?"

गंगव्वांनी माझ्याकडे बघितलं, एक पाय पॅडलवर ठेवला.

"त्यास्नी कोन इचारतंय?" त्या म्हणाल्या, आणि एसटी स्टँडकडे निघून गेल्या.